आबाची विहीर

हे लिहायचे मी सहा वर्षे टाळले. कधी डोळ्यांचे निमित्त केले, कधी कंबरेचे. निवृत्त शिक्षकाला खरे तर लिहायला वेळच वेळ असतो. पंचक्रोशीतल्या प्रत्येक साठी-पंचाहत्तरीला मी चार ओळींची कविता लिहून दिली आहे, हायवेच्या खड्ड्यांवर वर्तमानपत्रांना पत्रे पाठवली आहेत. फक्त या एका गोष्टीसाठी माझ्या पेनातली शाई संपत होती.

आमच्याकडे सोनगीरच्या आसपासच्या गावांत एखादी वस्तू वरून चांगली आणि आतून फसवी निघाली की लोक हसून म्हणतात, "हाई ते आबानी इहीर निंघनी." टरबूज पांढरे निघाले तरी म्हणतात, जुना ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी बंद पडला तरी म्हणतात, आणि जावई बिनकामाचा निघाला तर हमखास म्हणतात. नवी पोरे तर आबा कोण हे माहीत नसतानाही म्हणतात. मीही त्या हसण्यात हसलो आहे. म्हणून आधी एवढे लिहून टाकतो, की विहीर आबांची होती, फसवणूक माझी होती.

आबा गोड माणूस होते असे मात्र मी लिहिणार नाही. मेलेल्या माणसावर साखर पेरायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि त्या कामाला मला दर महिन्याला कोणाच्या ना कोणाच्या दहाव्याला बोलावतात. आबा कडू होते. घरी आलेल्याला पाणी द्यायचे, पण त्याआधी "काय काम काढं?" असे विचारायचे. लग्नाच्या पंगतीत बसले की बट्टी बोटाने दाबून बघायचे आणि आचाऱ्याला ऐकू जाईल असे म्हणायचे, "भाजेल शे का वाळाडेल शे?" गावात त्यांना कोणी जिवाभावाचा मित्र नव्हता. गावालाही त्यांची गरज नव्हती. दोघांचे बरे चालले होते.

त्यांचे नऊ एकर बागायत शेत होते. सपाट काळी जमीन, मध्यावर बांधीव विहीर, ठिबकच्या नळ्या, बांधावर चार कडुनिंब. पत्नी गेली, एकुलती मुलगी लग्न होऊन धुळ्याला देवपुरात राहत होती, आणि आबांचे गुडघे बांध चढू देईनात. तेव्हा त्यांनी शेत विकायचे ठरवले आणि हायवेकडून आत येणाऱ्या रस्त्यावर पत्र्याची पाटी लावली. पाटी स्वतः रंगवली होती. जमिनीच्या पाट्यांवर काय असते ते सगळ्यांना माहीत आहे: बारमाही पाणी, उत्तम संधी, त्वरित संपर्क. आबांच्या पाटीवर होते:

"बागायत शेत विकणे आहे. नऊ एकर. पाणी होळीपर्यंत नक्की. पुढे नाही. उत्तरेकडच्या दीड एकरात लव्हाळा आहे, तो जात नाही. रिकामटेकड्यांनी येऊ नये."

मी निवृत्तीनंतर जमिनीच्या दलालीत पडलो होतो. ज्याला मी पाढे शिकवले तो माझ्यावर विश्वास ठेवायचा, आणि ज्याला शिकवले नाही तो 'गुरुजी' या शब्दावर ठेवायचा. दुसरे भांडवल मला लागले नाही. आबांची पाटी बघून मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "आबा, असं लिहून कोणी येईल का?"

"मी काय सोनं इकी ऱ्हायनू का, चमकाडाले? वावर शे. जसं शे तसं लिखं."

तरी गिऱ्हाइके यायची, कारण मी आणायचो. माझ्यासोबत कोणी गाडीतून उतरले की आबा लांबूनच ओरडायचे, "काय गुरुजी, आज कोनले फसाडी लयनात?" गिऱ्हाईक हसायचे. त्याला वाटायचे, म्हातारा विनोदी आहे.

विनोद पुढे असायचा. आमच्या धंद्यात शेत दाखवायच्या आधी चार-पाच दिवस मोटर बंद ठेवतात. विहीर तुडुंब दिसते, गिऱ्हाईक आत डोकावते, स्वतःचा चेहरा बघून खूश होते आणि व्यवहार होतो. आबा नेमके उलटे करायचे. गिऱ्हाईक येणार म्हटले की पहाटेपासून मोटर लावून विहीर खडकापर्यंत उपसून टाकायचे. मग काठावर गजराचे घड्याळ ठेवायचे आणि म्हणायचे, "बठा. भराले कितला येळ लागस ते दखा. तव्हय भाव बोलू."

तीन-तीन तास! धुळ्याच्या उन्हात कठड्यावर बसून झरे मोजायचे. कोणाला गाडीत एसीची आठवण यायची, कोणाला मीटिंगची.

विहिरीच्या आतल्या भिंतीवर त्यांनी पांढऱ्या रंगाने रेघा मारल्या होत्या आणि प्रत्येक रेघेवर महिना लिहिला होता. वर कार्तिक, त्याखाली मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन. अगदी तळाशी, खडकाजवळ, चैत. त्या महिन्यात पाणी कुठवर असते त्याच्या या खुणा. बाजेला दोर बांधून स्वतः आत उतरून त्यांनी त्या काढल्या होत्या आणि दर दिवाळीनंतर त्यांच्यावर पुन्हा रंगाचा हात फिरवायचे. लोक घराला रंग देतात. आबांचे घर गळके होते.

एकदा नशिराबादचा एक सिमेंटवाला मी आणला होता. पांढरे बूट, पांढरी गाडी. तो म्हणाला, "शेती काय करायची नाही, आबा. कुंपण घालून ठेवून देऊ. पाच-सहा वर्षांत भाव चढतो."

आबा म्हणाले, "वावर काय लोनचं शे का, मुरत ठेवाले?"

तरीही सिमेंटवाला उठेना, कारण जागा रस्त्याजवळ होती. मग आबांनी त्याच्या हातात फावडे दिले. ही त्यांची दुसरी परीक्षा. ठिबक असूनही त्यांनी एका कोपऱ्यात वांगी-मिरचीचे चार वाफे पाटपाण्यावर ठेवले होते, केवळ गिऱ्हाइकांसाठी, असा माझा संशय आहे. "पानी सोडं शे. दारं धर. एक वाफा भर, मंग दुसराले वळव. भाव तुन्हा मनना." दारे धरणे म्हणजे काय, हे त्या माणसाला ठाऊक नव्हते. पाणी वाफ्यात वळवायचे म्हणून त्याने पाटाच्या मधोमध फावडे घातले आणि सगळे पाणी त्याच्या पांढऱ्या बुटांत शिरले. मी पळत जाऊन पाट बांधला. आबा कडुनिंबाखाली बसून मोठ्याने हसत होते.

जळगावहून एक अधिकारी सपत्नीक आले होते. बाईंना कपाशीच्या बोंडांसोबत फोटो हवे होते. आबा म्हणाले, "फोटू काढी ल्या नि जा. वावर आठेच ऱ्हाई." ते गेले. वावर तिथेच राहिले.

अशी मी सात-आठ गिऱ्हाइके गमावली. दलाली गेली त्याचे दुःख होतेच, पण ते खरे कारण नव्हते, आणि आता खोटे लिहायचे नाही. खरे कारण असे, की त्या अधिकाऱ्याला निरोप देऊन मी परत आलो तेव्हा आबा चार मजुरांसमोर मला म्हणाले, "गुरुजी, चाळीस वरीस पोऱ्हेसले खरं बोला सांगं. आते कसर काढी ऱ्हायनात का?"

मजूर बायका पदराआड हसल्या. त्यांतल्या दोघी माझ्या विद्यार्थिनी होत्या. त्या दिवशी मी ठरवले, या म्हाताऱ्याचे शेत मी विकणार आणि माझ्या पद्धतीने विकणार. माणूस पैशासाठी जेवढा खाली उतरतो त्यापेक्षा जास्त खाली अपमानासाठी उतरतो, हे मला साठीनंतर स्वतःकडे बघून कळले.

चैत्रात आबांच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. मोतीबिंदू. मुलगी नोकरी करणारी, तिला रजा मिळत नव्हती. मीच पुढे होऊन म्हणालो, "मी नेतो त्यांना." गावाला माझे केवढे कौतुक वाटले! गुरुजींनी स्वतःच्या गाडीतून नेले, दवाखान्यात बसून राहिले. मुलीने माझ्या पाया पडून नमस्कार केला. डॉक्टरांनी सांगितले, पंधरा दिवस धूळ नको, शेताकडे फिरकायचे नाही. आबा देवपुरात मुलीकडे राहिले.

आबांच्या शेजारच्या शेतकऱ्याकडे खोल बोअर होता आणि त्यावर सोलरचा पंप. त्याला आबांच्या बांधावरून ट्रॅक्टरची वाट हवी होती, आणि आबांनी ती आयुष्यभर दिली नव्हती. नवा मालक वाट देईल, एवढे मी त्याला सांगितले. त्याने पाइप जोडला. चार दिवस, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, त्याच्या बोअरचे पाणी आबांच्या विहिरीत पडत होते. मी काठावर उभा राहून बघत होतो. आधी चैत बुडाला, मग फाल्गुन, मग माघ. पाटी मी आधीच काढून कडब्याखाली सरकवली होती.

पाचव्या दिवशी गिऱ्हाईक आणले. एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, तोही देवपुरातच राहणारा. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीत बसलो, आता स्वतःच्या जमिनीवर बसायचे, असे म्हणत होता. साधा माणूस. विहिरीत डोकावला आणि म्हणाला, "गुरुजी, भर चैतात एवढं पाणी? पण ह्या रेघा? चैत तर खाली दिसतोय, पाण्यात."

"म्हाताऱ्याची थट्टा आहे," मी म्हणालो. "त्याला मनातून शेत विकायचंच नाही. म्हणून स्वतःच्याच शेताला नावं ठेवतो. गिऱ्हाईक पळवायची युक्ती. तुम्हाला भेटेल तेव्हाही म्हणेल बघा, उन्हाळ्यात पाणी नाही. हसायचं आणि सोडून द्यायचं."

विहीर भरणे हे निम्मे पाप होते. निम्मे हे वाक्य. आबांच्या खरेपणाला मी आधीच वेडेपणा ठरवून ठेवले. आता ते कितीही खरे बोलले तरी उपयोग नव्हता.

आणि ते बोलले. देवपुरात मुलीच्या घरी मी दोघांची भेट घातली. आबा हिरवी पट्टी लावून खुर्चीवर बसले होते. नमस्कार-चमत्कार होण्याआधीच म्हणाले, "पानी होळीलोंग शे. चैतमा खडक दिखस. पटी ते ल्या, नही ते जा."

ड्रायव्हरने माझ्याकडे बघून मिशीत हसून घेतले. "आबा, सगळं माहीत आहे मला. गुरुजींनी सांगितलंय."

पण आबांची परीक्षा बाकी होती. शेतात जायची बंदी, म्हणून त्यांनी मुलीच्या परसात नळाला पाइप लावायला सांगितले. तुळस, दोन गुलाब आणि वांग्याचे एक आळे, एवढीच ती बाग. आबांनी ड्रायव्हरच्या हातात फुलझाडांचे खुरपे दिले. "दारं धर." मुलगी लाजेने आत निघून गेली. ड्रायव्हरने मात्र पँट दुमडली, चपला काढल्या, आणि त्या हातभर मातीत त्याने पाणी असे फिरवले की गुलाबाचे मूळ उघडे पडले नाही आणि ओटाही भिजला नाही. पोरवयात बापासोबत दारे धरली होती म्हणाला.

आबा एका डोळ्याने हे बघत होते. मग म्हणाले, "याले दिधं."

म्हणजे विहीर भरायची गरजच नव्हती. हा माणूस कोरडी विहीर बघूनही शेत घेईल असा होता, आणि आबा त्याला देतील असे होते. मी मध्ये नसतो तर सौदा अर्ध्या तासात झाला असता. तेव्हाच सांगायला हवे होते. माझ्या तोंडापर्यंत आलेही होते. तेवढ्यात आबा माझ्याकडे वळले.

"गुरुजी, तुम्हीन याले खरं सांगं. मी तुमले गंज नावं ठेयात. चुकनं मन्हं. माफ करा."

त्या माणसाने जन्मात कोणाची माफी मागितली नसेल. माझी मागितली. मी म्हणालो, "अहो आबा, असू द्या." माझा आवाज अगदी मोठ्या मनाच्या माणसासारखा होता.

खरेदीखत झाले. ताबा पावसाळ्यात दिला, विहीर पावसाने भरलेली होती. ड्रायव्हरने नऊच्या नऊ एकरांत पपई लावली. उन्हाळाभर पाणी आहे असे डोळ्यांनी बघितलेला माणूस दुसरे काय लावणार? होळी झाली आणि विहीर आबांनी आखलेल्या रेघेवर, दिवस न चुकता, खाली गेली. वैशाखात ती झाडे उभ्या उभ्या वाळली. हिरवी फळे सुरकुतून देठाला लोंबत होती. मी रस्त्याने जाताना त्या बाजूला बघत नसे.

त्याच वैशाखात गावात एक लग्न होते. आबा देवपुरातून आले होते. दोन्ही डोळे आता साफ, बट्टी दाबून झाली होती, आचाऱ्याला बोलून झाले होते. ड्रायव्हर मांडवात आला, जेवायला नाही, सरळ आबांसमोर.

"आबा, तुम्हाला बाप समजलो होतो. विहीर भरून दाखवलीत मला?"

आबांनी विचारले, "कोनी भरी?"

"शेजाऱ्याचा सालगडी सांगतोय, बोअरचं पाणी सोडलं होतं. चार दिवस. तुम्ही डोळ्याचं निमित्त करून तिकडे देवपुरात जाऊन बसलात."

"मी नही भरी."

कोणीतरी मागून म्हणाले, "मंग काय देव ऊना व्हता बादली लईसन?" सगळी पंगत हसली. किती आनंद झाला होता लोकांना! इतकी वर्षे हा म्हातारा सगळ्यांना खोटे ठरवत होता, आज तोच खोटा निघाला. लोक दुसऱ्याचे पाप माफ करतात, खरेपणा माफ करत नाहीत. शेजारी मान खाली घालून वरण कालवत होता.

आबांनी हसणाऱ्यांकडे पाहिले नाही. ते माझ्याकडे बघत होते. दवाखाना, गाडी, पंधरा दिवस, सगळे त्यांना त्या क्षणी जुळले, हे मला स्पष्ट दिसले. तरी त्यांनी माझे नाव घेऊन आरोप केला नाही. एवढेच म्हणाले, "गुरुजी आठेच शेतस. त्यासले इचारा."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. खरे सांगायला एक वाक्य पुरले असते.

मी म्हणालो, "मी फक्त गाठ घालून दिली, बाबा. विहिरीचं मला काय माहीत?"

आबांनी हात धुतले. ताटात अर्धी बट्टी तशीच होती. अन्न टाकताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितले. ते चालत हायवेपर्यंत गेले आणि त्यानंतर गावात आले नाहीत.

ड्रायव्हर पुढे एकदा मला भेटला. त्याने पपई उपटून हरभरा पेरला होता. म्हणाला, "गुरुजी, आबांनी खरं सांगितलं असतं तरी मी घेतलं असतं हो. पपई लावली नसती एवढंच." त्यांनी खरेच सांगितले होते, देवपुरात, तुझ्या तोंडावर, हे मी त्याला तेव्हाही म्हणालो नाही. हे लिहून झाले की पहिली प्रत त्यालाच देणार आहे.

आबा गेले तेव्हा दहाव्याला रिवाजाप्रमाणे मला बोलायला उभे केले. शिस्तप्रिय, स्पष्टवक्ते, कष्टाळू, असे माझे ठरलेले तीन शब्द मी बोललो. परतताना एकजण म्हणाला, "मानूस तसा बरा व्हता. आखरीले फसाडं तेवढंच." मी त्याला माझ्या गाडीतून त्याच्या घरी सोडले.

आबा जाण्याच्या दोन महिने आधी मी देवपुरात गेलो होतो, तेच लिहायचे उरले आहे. आधी दोनदा फाटकावरून परत फिरलो होतो. तिसऱ्यांदा मुलीने बघितले, म्हणून आत जावे लागले. आबा पलंगावर होते, गळून गेलेले, पण ओळख पक्की. मुलगी मला म्हणाली, "गुरुजी, तुमचा शब्द गावात चालतो. एकदा सांगा ना लोकांना, माझ्या बाबांनी असं केलं नाही म्हणून. ते बोलत नाहीत, पण त्यांना लागलंय." मी मान हलवली. ती चहा करायला आत गेली.

मी वाक्ये पाठ करून आलो होतो. चाळीस वर्षे पोरांकडून पाठांतर करून घेतले, त्यामुळे ती पक्की होती: आबा, विहीर मी भरली. लग्नात मी खोटे बोललो. उद्या गावात उभा राहून सांगतो. मला माफ करा.

आबांनी उशीवर मान माझ्याकडे वळवली. आतून चहात साखर ढवळल्याचा आवाज येत होता. बराच वेळ त्यांनी वाट बघितली. मग त्यांनीच विचारले, "गुरुजी, काही बोलनं शे का?"

"नाही आबा," मी म्हणालो, "सहज आलो होतो."